ठाण्या-नवी मुंबईत ताई ची आणि चीगाँग सुरू करायचंय? पहिले तीन महिने काय करायचं, काय टाळायचं

ठाण्यातल्या कचराळी तलावावर सकाळी आमचा छोटा ग्रुप ताई ची-चीगाँग हे संथ चिनी व्यायाम करत, हळूहळू हात वर-खाली करताना दिसला की फेऱ्या मारणारे थांबतात आणि जवळपास तेच प्रश्न विचारतात. हा योगाचाच प्रकार का, गुडघेदुखीला चालतो का, सत्तरीनंतर सुरू केलं तर जमेल का, क्लास कुठे आहे, फी किती. दर वेळी उभ्या उभ्या अर्धवट सांगून होतं, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतेय.

मी पाचपाखाडीत राहते, ऑफिस वाशीला, म्हणजे रोज ट्रान्स हार्बरने जाऊन-येऊन. चाळिशीनंतर जिने उतरताना गुडघे बोलायला लागले, ऑर्थोपेडिक म्हणाले मांड्यांचे स्नायू मजबूत करा, आणि घरात सासूबाईंना तोल जाण्याची भीती होतीच. आम्ही दोघींनी बरोबर सुरुवात केली. एवढ्या काळात नवीन लोक येताना, टिकताना आणि सोडून जाताना पाहिले, त्यावरून माझं ठाम मत झालंय की जे लोक हातांपासून सुरुवात करतात ते कंटाळतात किंवा गुडघे दुखवून घेतात, आणि जे पायांपासून करतात ते टिकतात. हात दिसायला सुंदर असतात म्हणून सगळ्यांचं लक्ष तिकडे जातं, पण खरं काम चाललेलं असतं खाली, या क्षणी वजन कुठल्या पायावर आहे यात. पुढचं सगळं त्याच क्रमाने लिहिलंय.

१. नेमकं काय शिकणार आहात ते आधी ठरवा

ताई ची मूळची चीनची युद्धकला आहे. हेनान प्रांतातल्या चेनजियागोउ गावातल्या चेन घराण्यात ती वाढली, एकोणिसाव्या शतकात यांग लुचान तिथे शिकले आणि त्यांनी ती बीजिंगमध्ये शिकवली, मग त्यातून शाखा फुटत गेल्या. चेन, यांग, वू, दुसरी वू म्हणजे हाओ, आणि सुन, ही पाच मोठी घराणी. चेनमध्ये मध्येच जोरदार झटके आणि पाय आपटणं असतं, यांगमध्ये हालचाली मोठ्या आणि एकसारख्या संथ, सुनमध्ये गुडघे फार वाकवत नाहीत आणि पावलं छोटी असतात. संधिवात असलेल्यांसाठी ऑस्ट्रेलियातल्या डॉ. पॉल लॅम यांनी १९९७ मध्ये जो कार्यक्रम बसवला तो सुन घराण्यावरच आधारलाय, कारण हेच, गुडघ्यांवर कमी भार.

चीगाँग हा त्याहून मोठा डबा आहे. श्वास, शरीराची ठेवण आणि लक्ष या तिन्हींचा मेळ घालणारे शेकडो व्यायाम त्यात येतात, काही उभ्याने, काही बसून. त्यातला सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे बादुआनजिन, आठ हालचालींचा संच, सोंग राजवटीच्या काळापासून चालत आलेला. चीनमध्ये आरोग्यासाठी म्हणून जे चीगाँगचे प्रकार ठरावीक पद्धतीत बसवले गेले त्यातही हा आहे आणि पूर्ण करायला साधारण बारा मिनिटं लागतात.

नवीन माणसाने चीगाँगच्या या आठ हालचालींपासून सुरू करावं आणि ताई चीचा लांब फॉर्म, म्हणजे ठरलेल्या क्रमाने सलग करायच्या हालचाली, नंतर घ्यावा असं मी सांगते. फॉर्ममध्ये पुढची स्टेप कुठली हे आठवण्यातच सगळी शक्ती जाते आणि शरीराकडे लक्षच राहत नाही. आठ हालचाली जागच्या जागी होतात, थोड्या दिवसांत क्रम पाठ होतो.

आता फायद्याचं. फार मोठ्या गोष्टी सांगणाऱ्यांपासून लांब राहा, पण जे खरंच तपासलं गेलंय ते कमी नाहीये. २०१९ च्या कोक्रेनच्या (वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था) आढाव्यात असं दिसलं की ताई चीमुळे वयस्कर लोकांचं पडण्याचं प्रमाण सुमारे १९ टक्क्यांनी कमी होऊ शकतं. २०१६ मध्ये अमेरिकेत गुडघ्याच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसच्या (झिजेच्या संधिवाताच्या) २०४ रुग्णांवर बारा आठवड्यांचा अभ्यास झाला, एका गटाला ताई ची, दुसऱ्याला फिजिओथेरपी, आणि वेदना कमी होण्यात दोन्ही गट साधारण बरोबरीत आले. पार्किन्सन्सच्या रुग्णांचा तोल सुधारल्याचा अभ्यास २०१२ मधला आहे, त्यात लोक आठवड्यातून दोनदा एक-एक तास असे चोवीस आठवडे करत होते. आकडे मुद्दाम सांगतेय, म्हणजे चार दिवसांत काही वाटलं नाही म्हणून कोणी सोडू नये.

२. डॉक्टरांना विचारा, पण नुसतं करू का असं विचारू नका

नुसतं विचारलं की डॉक्टर हो म्हणतात, हलका व्यायाम आहे ना, करा. प्रश्न नेमका विचारायचा. मोबाईलवर आठ हालचालींचा व्हिडिओ दाखवा आणि विचारा यातली कुठली मी करू नये. बरोबर हे घेऊन जा:

- चालू गोळ्यांची यादी, डोससकट
- गुडघा, कंबर, मान यांचा आधी काढलेला एक्स-रे किंवा एमआरआय असेल तर तो रिपोर्ट
- हाडांच्या घनतेची टेस्ट झाली असेल तर ती
- बीपी आणि शुगरचे अलीकडचे आकडे
- गेल्या वर्षभरात पडला असाल तर कधी, कसे, हे कागदावर लिहून (हे आपण हमखास सांगायचं विसरतो आणि तेच सगळ्यात महत्त्वाचं असतं)

काही गोष्टी मात्र आधीपासून माहीत असाव्यात. हाडं ठिसूळ असतील तर कमरेतून खाली वाकणं टाळायचं. काचबिंदू असेल तर डोकं खाली जाईल अशी कुठलीच हालचाल नको, डोळ्यातलं प्रेशर वाढतं. चक्कर येण्याचा त्रास असेल तर वर बघणं आणि मान वळवणं अर्ध्यावर थांबवायचं. बीपीवाल्यांनी श्वास रोखायचा नाही, कधीच नाही. इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या घेणाऱ्यांनी रिकाम्या पोटी यायचं की काही खाऊन, हे डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या आणि खिशात ग्लुकोजची पुडी किंवा दोन खजूर ठेवा. गुडघा बदललेला असेल तर ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांनाच विचारा, शेजारच्यांना नाही.

३. जागा

सपाट, कोरडी, सावलीची आणि लोक धडकणार नाहीत अशी. एवढंच हवं, आणि आपल्याकडे तेवढंच मिळत नाही.

ठाण्यात कचराळीला सकाळी ट्रॅकवर चालणाऱ्यांची बरीच गर्दी असते, त्यामुळे ट्रॅक सोडून कडेची मोकळी जागा बघा. उपवनला पायऱ्यांवर अजिबात उभे राहू नका, वरच्या सपाट भागात राहा, आणि संध्याकाळी जाणार असाल तर डासांचं क्रीम लावून जा. तलावपाळीला सकाळी लवकर ठीक, नंतर ट्रॅफिकचा आवाज आणि धूर. कोलशेतचं सेंट्रल पार्क ऐसपैस आहे पण ते तिकडच्या लोकांना सोयीचं, नौपाड्यातून रोज तिकडे जायचं म्हटलं की व्यायाम तीन दिवसांत बंद पडतो.

नवी मुंबईवाले या बाबतीत सुखी. नेरुळचं ज्वेल ऑफ नवी मुंबई, वाशीचं मिनी सीशोर, कोपरखैरण्याचं निसर्ग उद्यान, खारघरचं सेंट्रल पार्क, कुठेही चार माणसं हात पसरून उभी राहू शकतात. गेट उघडायच्या वेळा आणि तिकीट आहे का ते जाण्याआधी एकदा तिथे बघून या. पाण्याकाठी वारा छान असतो, पण थंडीत सकाळी धुरकं दिसत असेल तर त्या दिवशी घरात करा, खोल श्वास घ्यायचा व्यायाम आहे हा.

पावसाळ्याचं वेगळं सांगते. जूनपासून बागेतल्या लाद्यांवर शेवाळ धरतं आणि आपण एका पायावर वजन टाकणार असतो, त्यामुळे पावसाळ्यात बाहेर नाहीच. हॉलमधलं टीपॉय बाजूला केलं की एका चटईएवढ्या जागेत आठही हालचाली बसतात (चटई अंथरायची नाही, ती सरकते, फक्त माप सांगितलं).

सोसायटीची गच्ची, पोडियम किंवा क्लबहाउस वापरायचं असेल तर तोंडी विचारून सुरू करू नका. आज सेक्रेटरी हो म्हणतात, उद्या वरच्या मजल्यावरचं कोणी तक्रार करतं आणि ग्रुप मोडतो. साधा अर्ज द्या, त्यात दिवस, वेळ, येणाऱ्यांची नावं आणि फ्लॅट नंबर, स्पीकर लावणार नाही हे वाक्य, आणि कोणी पडलं किंवा लागलं तर जबाबदारी आमची हे वाक्य. एक कॉपी रिसीव्ह्ड करून घ्या. बागेत चार ओळखीचे मिळून करत असाल तर प्रश्न येत नाही, पण कोणी फी घेऊन शिकवणार असेल तर त्यांनी महापालिकेच्या उद्यान विभागात आधी विचारलंय का हे तुम्ही विचारा.

४. सामान

फार काही लागत नाही, आणि जे विकायला येतं त्यातलं तर काहीच लागत नाही. रेशमी चिनी ड्रेस, पंखा, तलवार, म्युझिकची सीडी, सगळं राहू द्या.

- पातळ, सपाट तळव्याचे बूट. शाळेच्या पीटीचे कॅनव्हास शूज असतात ना, ते उत्तम. जाड टाचेचे रनिंग शूज घातले की शरीर पुढे कलतं आणि पायाखालची जमीन कळत नाही
- सैल सलवार, ट्रॅकपँट, काहीही. साडीत पहिल्या चार हालचाली होतात, पाचवीला अडचण येते
- पाठीची, न हलणारी लाकडी खुर्ची. चाकांची नको, आणि प्लॅस्टिकची असेल तर भिंतीला टेकवून
- पाणी, नॅपकिन
- खिशात घरच्यांचा नंबर लिहिलेला कागद, मोबाईल लॉक असतो म्हणून

घरी लादीवर अनवाणी चालतं. फक्त शुगरमुळे तळव्यांची संवेदना कमी झाली असेल तर घरातही बूट घाला.

५. पहिला आठवडा: नुसतं उभं राहा

ऐकायला विचित्र वाटतं आणि इथेच निम्मे लोक नाराज होतात, आम्ही व्यायाम करायला आलो आणि तुम्ही उभं करून ठेवता. करून बघा मग सांगा.

पावलं खांद्यांएवढ्या अंतरावर आणि एकमेकांना समांतर. आपल्या सगळ्यांची पावलं सवयीने बाहेर फाकलेली असतात, त्यामुळे समांतर ठेवली की आत वळल्यासारखी वाटतात, तसं वाटू द्या. गुडघे सोडा, म्हणजे वाकवा असं नाही, फक्त मागे ताणून लॉक केलेले असतात ते मोकळे करा. कंबर आत-बाहेर न ढकलता माकडहाड खाली सोडल्यासारखं. खांदे खाली. हनुवटी किंचित आत, म्हणजे मानेची मागची बाजू लांब होते. जीभ टाळूला हलकी टेकलेली. डोळे उघडे ठेवा, नजर समोर मऊ. व्हिडिओत काही जण डोळे मिटतात पण पन्नाशीच्या पुढच्या नवीन माणसाने मिटू नयेत, तोल सांभाळण्यात डोळ्यांचा मोठा वाटा असतो.

आता लक्ष तळव्यांवर. वजन टाचेवर आहे की चवड्यावर, डावीकडे जास्त की उजवीकडे. बहुतेकांचं एका बाजूला जास्त असतं आणि आयुष्यभर ते कळलेलं नसतं, सासूबाईंचं सगळं वजन डाव्या पायावर यायचं कारण उजवा गुडघा वाचवायची सवय. मधोमध आणायचा प्रयत्न करा. दोन मिनिटांपासून सुरू करा, आठवड्याच्या शेवटी पाच. मांड्या थरथरल्या तर चालेल, गुडघ्यात टोचलं तर लगेच उंच व्हा.

श्वास नाकाने, जसा येतो तसा. प्राणायाम करणाऱ्यांना इथे हात आवरावा लागतो, कुंभक नाही, कपालभाती नाही, मोजणं नाही. ते तुमच्या वेळेला वेगळं करा.

६. दुसरा-तिसरा आठवडा: रिकामा पाय, भरलेला पाय

मला विचाराल तर ताई चीचा गाभा हाच आहे आणि हे आलं की पुढचं सोपं जातं, हे नाही आलं तर चोवीस काय आणि शंभर काय, कितीही स्टेप शिका, नुसता हातवाऱ्यांचा नाच होतो.

खुर्चीच्या पाठीमागे उभे राहा, बोटं हलकी टेकवा. सगळं वजन हळूहळू उजव्या पायावर न्या. घाई नाही, पाच-सहा सेकंद घ्या. धड वाकवून न्यायचं नाही, कंबर आडवी सरकते आणि डोकं कमरेच्या वरच राहतं. डावा पाय आता रिकामा झाला का ते तपासायची एक युक्ती आहे, घरातल्या कोणाला तरी त्या पायाखालचा कागद ओढायला सांगा. कागद सहज निघाला तर पाय खरंच रिकामा आहे, अडकला तर तुम्ही नुसते कललात, वजन गेलेलं नाही. मग दुसऱ्या बाजूला. दोन्हीकडे जमलं की रिकाम्या पायाची टाच उचला, मग आख्खा पाय बोटभर उचला, मग पुढे ठेवा, आधी टाच, मग तळवा, आणि ठेवून झाल्यावरच वजन द्या. आधी पाय जमिनीवर, मग वजन, हा क्रम. आपण रोज चालतो ते बरोबर उलटं असतं, वजन आधीच पुढे फेकलेलं असतं आणि पाय धावत जाऊन ते झेलतो, म्हणून लादी ओली असली की पडतो. मांजर भिंतीवरून जाताना पाऊल टाकते तसं हे चालणं आहे.

गुडघ्यांसाठी दोन नियम, हे मोबाईलवर लिहून ठेवा. पहिला, गुडघा नेहमी पायाच्या बोटांच्या दिशेला, आत कोसळू द्यायचा नाही आणि बोटांच्या पुढे जाऊ द्यायचा नाही. दुसरा, पाय वळवायचा असेल तर आधी त्यावरचं वजन काढा, मग टाचेवर वळवा. वजन असलेल्या पायावर गिरकी घेतली की सगळा पीळ गुडघ्यात जातो आणि ताई ची करून गुडघे दुखले म्हणणाऱ्यांचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

याचा सराव कुठेही होतो. ट्रान्स हार्बरच्या प्लॅटफॉर्मवर गाडी येईपर्यंत मी हेच करते, कोणाला कळतही नाही. चालत्या गाडीत मात्र नको, आणि प्लॅटफॉर्मवर पिवळ्या पट्टीच्या बरंच मागे.

७. चौथ्या आठवड्यापासून: आठ हालचाली

एका वेळी एकच नवीन घ्या आणि दोन दिवस तिच्यावर राहा. प्रत्येक सहा वेळा, बाजू बदलणाऱ्या असतील तर तीन-तीन. जितकं ताणता येतं त्याच्या सत्तर टक्केच ताणायचं असं शिकवणारे नेहमी सांगतात, आणि दुखऱ्या बाजूला पन्नास.

पहिली, दोन्ही हातांनी आभाळ पेलणं. बोटं पोटासमोर गुंफा, छातीपर्यंत आणा, तळवे उलटे करून डोक्यावर ढकला, श्वास आत. मग हात बाजूंनी खाली, श्वास बाहेर. खांदा जाम असेल तर कपाळापर्यंतच. दिवसभर कीबोर्डवर वाकून बसणाऱ्यांनी आठपैकी एकच करायची ठरवली तर ही करावी.

दुसरी, धनुष्य ताणणं. पाय थोडे जास्त फाकवून, एक हात बाजूला लांब, अंगठा आणि तर्जनी उघडी, दुसरा हात खांद्यापाशी दोरी खेचल्यासारखा, नजर लांबच्या हाताच्या बोटावर. चित्रात सगळे खोल बसलेले दिसतात, तुम्ही बसू नका, गुडघे किंचित सोडले की पुरे.

तिसरी, एक हात वर आभाळाकडे, दुसरा कमरेपाशी जमिनीकडे, एकाच वेळी ढकलायचे. चिनी परंपरेत ही जठर आणि प्लीहेशी जोडतात. ती त्यांची वैद्यक परंपरा आहे, तुम्हाला पित्त असेल तर गोळी चालूच ठेवा.

चौथी, मागे वळून पाहणं. हात बाजूला, तळवे बाहेर फिरवत मान खांद्यावरून मागे. कंबर वळवायची नाही. मानेचा स्पॉन्डिलायटिस किंवा चक्कर असेल तर हनुवटी खांद्याच्या अर्ध्या वाटेपर्यंतच, आणि परत येतानाही हळू, लोक जाताना हळू जातात आणि येताना झटका देतात.

पाचवी, डोकं आणि कंबर डोलवणं, आठातली सगळ्यात अवघड. पाय फाकवून बसकी ठेवण, हात मांड्यांवर, धड एका बाजूकडून खालून दुसऱ्या बाजूला फिरवायचं. नवीन माणसाने पहिले दोन महिने ही खुर्चीवर बसून करावी. आमच्या ग्रुपमधल्या काकू अजून बसूनच करतात आणि त्यात काहीही कमी नाही. काचबिंदू आणि चक्करवाल्यांनी धड खाली न नेता फक्त डावी-उजवीकडे हलकं डोलायचं.

सहावी, हात पाठीवरून आणि पायांच्या मागून चोळत पावलांपर्यंत नेणं. हाडं ठिसूळ असलेल्यांनी, काचबिंदूवाल्यांनी आणि कमरेत गादी सरकलेल्यांनी वाकायचंच नाही, उभ्यानेच दोन्ही तळव्यांनी कंबर वर-खाली चोळा. बाकीच्यांनीही गुडघ्यापर्यंत पोचलं की थांबा, पाऊल धरलं म्हणून कोणी बक्षीस देत नाही.

सातवी, मूठ आवळून, डोळे मोठे करून हात हळू पुढे. सगळ्या संथपणात हीच एक जोराची. बीपी असेल तर मूठ सैल, जोर नाही, श्वास चालू.

आठवी, टाचा उचलून सोडणं, ही सात वेळा. खुर्ची धरून सुरू करा. टाचा दणकन आपटायच्या नाहीत, शेवटचं बोटभर अंतर सोडून द्यायचं. मणक्याचा त्रास असेल तर सोडायच्या नाहीत, हळू टेकवायच्या.

व्हिडिओ बघून करत असाल तर शिकवणारा पाठमोरा उभा आहे असाच निवडा. समोरून असला की त्याचा डावा की आपला डावा यात आठवडा जातो, घरातले दोघं जण एकमेकांच्या विरुद्ध दिशेला वळत असतात. टीव्हीवर लावा, मोबाईलकडे मान वाकवून केलं तर मानेचा व्यायाम मानेलाच नडतो.

८. शिकवणारे कसे निवडायचे

आपल्याकडे योगाचे क्लास गल्लोगल्ली आहेत, ताई चीचे मोजकेच, आणि बरेचसे कराटे किंवा वुशू (चिनी युद्धकला) शिकवणारे बरोबर हेही घेतात. ते वाईट नाही, त्यांना पायांची समज चांगली असते. पण तरुणांना शिकवायची सवय असली तर खोल बसवतात, तेवढं बघा.

पैसे देण्याआधी एक क्लास नुसता बसून बघायची परवानगी मागा. विचारा कुठलं घराणं, कुठला फॉर्म, तुम्ही स्वतः कोणाकडे शिकलात, किती वर्षं. चांगले शिक्षक याची उत्तरं आनंदाने देतात. आणि बघताना हे बघा की ते तुमच्या आधीच्या दुखण्यांबद्दल स्वतःहून विचारतात का, आणि शिकवताना लोकांच्या गुडघ्यांकडे लक्ष देतात का, की पुढे उभे राहून स्वतःचंच करत असतात.

या गोष्टी दिसल्या की निघून या: बीपीच्या किंवा शुगरच्या गोळ्या बंद होतील असं सांगणं, हात न लावता ऊर्जा सोडून रोग काढतो म्हणणं, पहिल्याच दिवशी वर्षाची फी, घरातल्या सगळ्यांना जोडा म्हणून मागे लागणं. आमच्या ओळखीच्या एका आजोबांना एका ठिकाणी गोळ्या सोडायला सांगितलं होतं, मुलीच्या वेळेवर लक्षात आलं म्हणून निभावलं. गोळी कमी करायची असेल तर ती डॉक्टर करतील, तुमचे आकडे बघून.

फी महिन्याची द्या, यूपीआयने द्या म्हणजे नोंद राहते, आणि पावसाळ्यात क्लास कुठे होणार हे आधीच विचारा.

९. तीन महिन्यांनंतर फॉर्म

आठ हालचाली न बघता होतात आणि एका पायावर दहा सेकंद आरामात उभं राहता येतं, मग फॉर्मकडे जा. १९५६ मध्ये चीनच्या क्रीडा आयोगाने यांग पद्धतीवरून चोवीस हालचालींचा सोपा फॉर्म बसवला, जगभर सगळ्यात जास्त तोच करतात, पूर्ण व्हायला पाच-सहा मिनिटं लागतात. आठवड्याला एक हालचाल या गतीने घ्या. गुडघे जास्तच दुखरे असतील तर त्याऐवजी सुन पद्धतीचा संधिवाताचा कार्यक्रम शोधा.

सुरुवातीच्या हालचालींतच घोड्याची आयाळ विंचरणं आणि पांढऱ्या बगळ्याने पंख पसरणं येतं, आणि तिथे तुम्हाला वरच्या सहाव्या मुद्द्यातल्या रिकाम्या-भरलेल्या पायाचा उपयोग कळेल, कारण बगळ्यात जवळजवळ सगळं वजन मागच्या पायावर असतं आणि पुढचा पाय नुसता टेकलेला. ज्यांनी कागदाची युक्ती केलीय त्यांना हे लगेच जमतं.

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी जागतिक ताई ची आणि चीगाँग दिवस असतो, जगभर लोक आपापल्या सकाळी दहा वाजता मिळून करतात. ठाण्यात एप्रिलमध्ये दहा म्हणजे ऊन डोक्यावर, तेव्हा वयस्कर माणसं बरोबर असतील तर सातच्या आत उरका किंवा हॉल घ्या.

१०. कधी थांबायचं आणि खंड पडला तर

छातीत दुखणं किंवा जड वाटणं, न थांबणारी धाप, अंधारी, एका बाजूला अचानक अशक्तपणा, यातलं काही झालं तर व्यायाम तिथेच थांबवून सरळ हॉस्पिटल, बसून पाणी पिऊन बघू असं नको. गुडघा व्यायामानंतर दुखला आणि रात्रीपर्यंत शांत झाला तर दुसऱ्या दिवशी कमी वाका आणि कमी वेळ करा. सूज आली किंवा दुसऱ्या दिवशीही तेवढाच दुखतोय, तर थांबा आणि दाखवा. मांड्या भरून येणं पहिल्या दोन आठवड्यांत सगळ्यांनाच होतं.

गणपती, घरातलं लग्न, ताप, ऑडिटचा महिना, खंड पडतोच. आठवडाभराचा असेल तर जिथे होता तिथून सुरू करा. महिन्याचा असेल तर सहाव्या मुद्द्यापासून, तीन-चार दिवस नुसतं वजन बदलणं, मग आठ हालचाली. आणि आजारातून उठला असाल तर पाचव्या मुद्द्यापासून, दोन मिनिटं नुसतं उभं राहणं, खुर्ची हाताशी.